डीबीएस रिव्ह्यू: मशीन उत्तम, पण नंतरचं सेटिंग कोण करणार ते आधी विचारा

घरात पार्किन्सन्सचा पेशंट आहे आणि न्यूरॉलॉजिस्टनी "आता डीबीएसचा विचार करा" असं सुचवलंय, अशा नाशिकमधल्या घरांसाठी हे सविस्तर लिहितेय. डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, मेंदूत बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी, त्यातून मेंदूला सतत बारीक करंट देऊन थरथर-ताठरपणा कमी करायचा. आमच्या ह्यांचं ऑपरेशन मुंबईला झालं, त्याला आता दोनेक वर्षं होत आली, मशीन चोवीस तास चालू आहे, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय. हॉस्पिटलचं आणि कंपनीचं नाव घालत नाही, कारण चांगले वाईट दोन्ही अनुभव आले आणि अशा ठिकाणी माणूस बदलला की सर्व्हिस बदलते. ऑपरेशन केलं ते योग्यच केलं, ह्यात आम्हाला दोघांनाही शंका नाही. पण इतके लाख भरताना सगळं लक्ष ऑपरेशनकडे असतं, सर्जन कोण, रूम कुठली, बिल किती, आणि पुढची पंधरा वर्षं ज्याच्यावर चालणारेत ते प्रोग्रॅमिंग, म्हणजे मशीनचं सेटिंग, त्याबद्दल कोणी काही विचारतच नाही आणि कोणी सांगतही नाही. माझा रिव्ह्यू मुख्यतः त्याबद्दल आहे.

हे सातपूर एमआयडीसीत टर्नर होते, आयुष्यभर लेथवर काम, हात इतका स्थिर की नवीन पोरांना जॉब दाखवायला ह्यांनाच बोलवायचे. पन्नाशी ओलांडली आणि उजव्या हाताचा अंगठा बसल्याबसल्या हलायला लागला, मग चालताना तो हात झुलायचा बंद झाला, मग सही बिघडली, नावाचं पहिलं अक्षर नेहमीसारखं आणि आडनावापर्यंत पोचेस्तोवर इतकं बारीक की वाचता येईना, शेवटी सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक परत पाठवला. तेव्हा कुठे न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो आणि निदान झालं. सिन्डोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, सुरू केली आणि पहिली काही वर्षं खरंच छान गेली. पुढे पुढे मात्र एक डोस दोन-अडीच तास पुरायचा, तो उतरला की माणूस खुर्चीतच अडकायचा, कूस बदलता येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, आणि पुढचा डोस चढला की त्याच्या उलट, मान-खांदे-पाय आपोआप वळवळत राहायचे, शालिमारला रिक्षाची वाट बघत उभे असताना लोक दारू प्यायलेत असं समजून लांब सरकायचे, तो अपमान ह्यांनी फार मनाला लावून घेतला. गोळे कॉलनीतून महिन्याची औषधं आणायची, डबीत वेळेप्रमाणे लावायची, जेवणाच्या आधी अर्धा-पाऊण तास द्यायची कारण डाळ-दूध-अंडी ह्यातलं प्रोटीन सोबत गेलं तर गोळी नीट लागत नाही, सगळा दिवस घड्याळाकडे बघण्यात जायचा. ज्यांच्या घरी आहे त्यांना हे "ऑन-ऑफ" वेगळं सांगायला नको.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे कोणी मेंदूत तार घालायचं म्हटल्यावर ती तिथे जाऊन नक्की काय करते हे समजल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या पेशी डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवतात, पार्किन्सन्समध्ये त्या पेशी मरत जातात आणि लक्षणं दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतात. डोपामिन कमी पडलं की जवळचाच सबथॅलेमिक न्यूक्लियस, डॉक्टर त्याला एसटीएन म्हणतात, तो नको तितका जोरात काम करायला लागतो आणि हालचाल अडून राहते. अमेरिकेत महलॉन डीलाँग ह्यांच्या टीमने १९९० मध्ये माकडांवर दाखवून दिलं की हा एसटीएन गप्प केला की अडलेली हालचाल परत येते. त्याच्या थोडं आधी, १९८७ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबलला अलीम-लुई बेनाबीद हे न्यूरोसर्जन थरथरीची ऑपरेशनं करत होते, तेव्हा थॅलॅमस नावाच्या मेंदूतल्या जागेचा लहानसा भाग जाळून टाकायची पद्धत होती आणि जाळायच्या आधी जागा बरोबर आहे का हे बघायला करंट देऊन बघायचे. त्यात त्यांना दिसलं की सेकंदाला शंभरच्या आसपास झटके दिले की थरथर जागच्या जागी थांबते आणि करंट बंद केला की परत येते, म्हणजे जाळायची गरजच नाही, तार तिथे ठेवून करंट चालू ठेवला तरी चालेल. १९९३ पासून त्यांच्या टीमने एसटीएनमध्ये तारा घालायला सुरुवात केली. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, थरथरीसाठी १९९७ ला आणि पार्किन्सन्सच्या बाकी लक्षणांसाठी २००२ ला परवानगी दिली, आणि २०१४ ला डीलाँग आणि बेनाबीद दोघांना मिळून वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. हे ह्यांना वाचून दाखवलं तेव्हा ह्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे बंद करता येतं ना नको असेल तर?" हो, येतं. त्या एका उत्तरावर ह्यांनी अर्धा होकार दिला.

आता कोणाला उपयोग होतो. ऑपरेशनच्या आधी लेव्होडोपा चॅलेंज नावाची टेस्ट करतात, ती करत नसतील तर सरळ दुसरीकडे जा. आदल्या रात्रीपासून गोळी बंद, सकाळी त्याच अवस्थेत पेशंटची तपासणी करून मार्क देतात, मुठी उघड-मिट, बोटं टॅप करणं, खुर्चीतून उठणं, चालणं, मग नेहमीपेक्षा थोडा जास्त डोस देऊन परत तेच सगळं. साधारण ३० टक्के तरी सुधारणा दिसली तर पुढे जातात. ह्यामागचं तत्त्व आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं, जे गोळीने सुधारतं तेच मशीनने सुधारतं, अपवाद फक्त थरथरीचा, ती गोळीला दाद देत नसली तरी मशीनला देऊ शकते. ह्याचा सरळ अर्थ असा की गोळी पूर्ण चढलेली असतानाही तोल जातो, पाय जमिनीला चिकटतो, बोलणं पुटपुटल्यासारखं येतं, विसरायला होतं, तर ह्या गोष्टी मशीन नीट करणार नाही, बोलणं तर थोडं अजून बिघडू शकतं. विसरणं किंवा भ्रम जास्त असेल तर चांगले डॉक्टर स्वतःच नाही म्हणतात. बदल्यात काय मिळतं, तर वेळ. अमेरिकेत २५५ पेशंटवरचा एक अभ्यास २००९ ला छापून आला, त्यात सहा महिन्यांनी डीबीएसवाल्यांना त्रासदायक वळवळ नसलेला चांगला वेळ दिवसाला सरासरी ४.६ तास जास्त मिळत होता आणि फक्त औषधावर असलेल्यांचा वाढलाच नव्हता. आमच्याकडे पण फरक तसाच आहे, ह्यांचा सर्वात चांगला तास पूर्वीही चांगलाच होता, आता तो सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत बराच वेळ टिकतो.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. डोक्याला फ्रेम, स्कॅन, दोन बाजूंना दोन छिद्रं, पेशंट काही वेळ जागा, तार आत जाताना पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकतात आणि जागा पक्की करतात. आजकाल काही ठिकाणी पूर्ण भूल देऊनही करतात. रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एखाद-दोघांना असतो, इन्फेक्शनचा त्याहून थोडा जास्त, डॉक्टरांनी हे तोंडावर सांगायला हवं, आमच्या सर्जननी सांगितलं, कागदावर आकडे लिहून दाखवले, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

एक गोष्ट मात्र आधी माहीत असलेली बरी. मशीन चालू करायच्या आधीच, नुसत्या तारा गेल्याने, पेशंट काही दिवस एकदम बरा दिसतो. तिथे बारीक सूज असते त्यामुळे तात्पुरतं असं होतं. नातेवाईक भेटायला आले, हात स्थिर बघून पेढे वाटायची भाषा सुरू झाली, आणि मग सूज उतरली तशी थरथर परत आली तेव्हा घरात सुतक लागल्यासारखी शांतता. हे असंच होतं, ऑपरेशन फेल गेलेलं नसतं, खरं काम दोन ते चार आठवड्यांनी मशीन चालू केल्यावर सुरू होतं.

आणि ते प्रोग्रॅमिंग. पहिली बैठक मी शेजारी बसून पाहिली, वहीत सगळं लिहून घेतलं. सकाळी गोळी न घेता जायचं. प्रोग्रॅमिंगच्या मॅडमनी छातीवर एक छोटा डबा टेकवला, हातात टॅबलेट. एकेका तारेच्या टोकाला चार कॉन्टॅक्ट, म्हणजे करंट बाहेर पडायच्या जागा, होत्या, प्रत्येक दीड मिलिमीटर लांबीची, आणि तारेची जाडी साधारण सव्वा मिलिमीटर. झटके सेकंदाला १३०, प्रत्येक झटका ६० मायक्रोसेकंदांचा, हे दोन आकडे सुरुवातीला तसेच ठेवले आणि फक्त करंट वाढवत नेला. एक कॉन्टॅक्ट घ्यायचा, अर्धा मिलिअँपिअर, थांबायचं, मॅडम ह्यांचं उजवं मनगट हातात धरून गोल फिरवत होत्या, आधी ते दात अडकल्यासारखं खट-खट अडत फिरत होतं, दीडच्या आसपास पोचल्यावर एकदम सलग फिरलं. मला बोलावून म्हणाल्या, "काकू, तुम्ही फिरवून बघा." मी फिरवलं. इतक्या वर्षांत तो हात असा सैल मी पाहिलाच नव्हता, माझे डोळे भरून आले आणि हे आपले हसत, कारण दोन सेकंदांत थरथर पण थांबली होती. पण मॅडम तिथे थांबल्या नाहीत, त्या वर वर नेत राहिल्या, ह्यांना बे-चा पाढा म्हणायला लावला, आणि तीनच्या जवळ गेल्यावर ओठाचा कोपरा एका बाजूला ओढला गेला आणि "बे पंचे" जड जिभेने आलं. करंट शेजारच्या नसांच्या जाळ्यात पसरला की असं होतं, लगेच कमी केला, लगेच गेलं. दुसऱ्या कॉन्टॅक्टला फायदा कमी आणि हाताला मुंग्या लवकर. असं एकेका कॉन्टॅक्टला फायदा कितीला सुरू होतो आणि त्रास कितीला, ह्याचा तक्ता बनला आणि त्यातून एक कॉन्टॅक्ट निवडला. ह्याला वेळ लागतो, घाईने उरकायचं काम नाही हे, ज्यांच्याकडे दहा मिनिटांत "झालं, या आता" होतं त्यांना नक्की विचारा की सगळे कॉन्टॅक्ट तपासले का.

आता नाशिकचा प्रश्न इथे येतो. थरथर सेकंदात कळते, ताठरपणा मिनिटांत, पण हालचालीचा मंदपणा जायला तास लागतात आणि चालण्यावरचा परिणाम तर कधी कधी काही दिवसांनी दिसतो. म्हणजे क्लिनिकमध्ये जे सेटिंग छान वाटतं ते घरी कसं वागेल हे तिथे बसून कोणालाच सांगता येत नाही. त्या पहिल्या वेळी आम्ही खुशीत निघालो, कसारा घाट चढेपर्यंत ह्यांचा डावा पाय उडायला लागला आणि घरी पोचेपर्यंत अंग पूर्वीच्या डोस चढल्यासारखं वळवळत होतं, कारण गोळ्यांचा डोस जुनाच चालू होता आणि वरून मशीनचा करंट, दोन्ही मिळून जास्त झालं. हे अपेक्षित असतं, एसटीएनला तार असली की गोळ्या हळूहळू बऱ्याच कमी करता येतात, पण ते कोणीतरी रोज विचारून करायचं असतं. मी हॉस्पिटलच्या ठरलेल्या नंबरवर फोन केला तर तिथला कोऑर्डिनेटर म्हणतो पुढची अपॉइंटमेंट घेऊन या, ती मिळणार होती काही आठवड्यांनी. कंपनीचा माणूस ऑपरेशनच्या आधी दिवसातून दोनदा फोन करायचा, पैसे भरल्यावर तो उचलेना, नंतर कळलं त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. इकडे माणूस रात्रभर हलतोय, झोप नाही, आणि इथल्या आमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे त्या कंपनीचा टॅबलेट नाही त्यामुळे त्यांना मशीनला हात लावता येत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी गोळ्या कमी करून रात्र निभावून नेली. ह्या सर्व्हिसला मी पाचपैकी एक मार्क देते, तोही कोऑर्डिनेटरने निदान फोन उचलला म्हणून.

नंतर गाडी रुळावर आली ती प्रोग्रॅमिंगच्या मॅडममुळे. मी त्यांना ऑन-ऑफची डायरी दाखवली, सकाळी सहापासून तासातासाला चांगलं / अडलेलं / वळवळ असे तीनच रकाने, सोबत गोळ्यांच्या वेळा आणि चालतानाचे छोटे व्हिडिओ. त्या म्हणाल्या अशी डायरी असेल तर माझं निम्मं काम झालं. मग त्यांनी एक गोष्ट केली जी मला सर्वात उपयोगी वाटते, ह्यांच्या रिमोटमध्ये करंटची खालची-वरची मर्यादा ठरवून दिली, म्हणजे त्या मर्यादेत आम्ही घरी बसून ०.१ ने वाढवायचा, दोन-तीन दिवस बघायचं, डायरी व्हॉट्सअॅपला पाठवायची, मग पुढचं ०.१. मर्यादेबाहेर जाता येत नाही त्यामुळे भीती नाही. बऱ्याच सिस्टीममध्ये ही सोय असते पण डॉक्टरने उघडून दिल्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून मागून घ्या. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये डॉक्टर तिकडून इंटरनेटवरून सेटिंग बदलू शकतात, नाशिक-धुळे-मालेगावच्या लोकांनी मशीन निवडताना बाकी फीचरपेक्षा हे आधी विचारावं असं माझं ठाम मत आहे. नवीन आलेल्या मशीनमध्ये मेंदूतली लय ओळखून करंट आपोआप कमी-जास्त होतो, पेशंट अडलेला असताना एसटीएनमधल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० च्या लयीत एकत्र चालतात, त्याला बीटा म्हणतात, ती लय वाढली की करंट वाढतो. अशा पहिल्या सिस्टीमला एफडीएची परवानगी फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाली. पण त्यालाही सुरुवातीचं सेटिंग माणसालाच करावं लागतं, त्यामुळे मूळ प्रश्न तोच राहतो.

बॅटरीचं बोलायचं तर दोन प्रकार. साधी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते, मग छातीतला डबा बदलायचं छोटं ऑपरेशन आणि डब्याचा खर्च परत. चार्जिंगवाली पंधरा वर्षांच्या आसपास किंवा जास्त चालते पण आधी काही लाख जास्त मोजायचे. आम्ही चार्जिंगवाली घेतली, ती निवड अगदी बरोबर ठरली. रविवारी दुपारी जेवण झालं की हे पट्टा खांद्यावरून घेऊन टीव्हीसमोर बसतात, तासाभरात काम होतं. पट्टा बरोबर बॅटरीवर बसला पाहिजे, सरकला की बीप बीप करतो आणि चार्जिंग रेंगाळतं, ह्यांच्या बनियनला मी आतून त्या जागी एक खिसा शिवून दिलाय त्यात चार्जर फिट बसतो. थोडं गरम लागतं, तेवढं चालतं. लाइट गेली तरी अडत नाही कारण चार्जरच आधी चार्ज करून ठेवायचा असतो. पण पेशंट एकटा राहत असेल किंवा विसराळू असेल तर साधी बॅटरी बरी, कारण चार्ज करायचं राहून मशीन बंद पडलं तर माणूस एकदम अडकतो.

आता नाशिकमधली जी सर्व्हिस मला मनापासून आवडली ती सांगते, गंगापूर रोडला एक ताई न्यूरो फिजिओथेरपी करतात, लहानशी जागा आहे, आरसा, पॅरलल बार आणि जमिनीवर रंगीत टेपच्या पट्ट्या, बाकी काही झगमगाट नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं, "काका, मशीनने तुमचं अंग मोकळं केलंय, पण मेंदूला बारीक पावलांची सवय लागलीय, ती आपण मोडायची." सगळा भर मोठ्या हालचालीवर, पाऊल मोठं, हात मोठा, आवाज मोठा. दारातून जाताना आणि वळताना पाय चिकटतात त्यावर पट्ट्यांचा उपाय, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. पुण्याच्या मिलेहा सोनेजी ह्या प्रॉडक्ट डिझायनर मुलीने हीच गोष्ट तिच्या काकांच्या बाबतीत पाहिली होती, सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना मात्र न अडता उतरतो, म्हणून तिने जमिनीवर जिन्याचा भास होईल असं चित्र चिकटवलं आणि काका त्याच्यावरून चालत गेले. आम्ही हॉल ते बाथरूम टेप लावलीय.

दुसरा उपाय तालाचा. ताईंनी आधी मेट्रोनोमचं अॅप दिलं, ठराविक टिक-टिक, त्यावर पाऊल टाकायचं, पण ह्यांना त्याचा कंटाळा. मग ह्यांनीच विचारलं ढोल चालेल का. तरुणपणी गणपतीत ढोल वाजवलेला माणूस, नाशिकचा ढोल ह्यांच्या अंगात आहे. भाच्याने मोबाइलवर ढोलाचा एकच संथ ठेका सलग रेकॉर्ड करून दिला. ताईंनी तो ऐकून एक अट घातली, ठेका चढता नको, एकसारखाच पाहिजे, कारण मिरवणुकीसारखा चढत गेला तर ह्यांची पावलं मागे घाईला येतात, बारीक बारीक होत अंग पुढे झुकतं आणि तोंडावर पडायची भीती. आता सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कानात तो ठेका लावून हे चालतात, मी मागे. वळण आलं की थांबायचं, मोठा गोल घेऊन वळायचं, जागच्या जागी गिरकी नाही. तोल मात्र अजून कच्चा आहे, तो मशीनने सुधारला नाही, आधी सांगितलं होतं तसंच, त्यामुळे मागे चालणं मी सोडत नाही. आवाज पण बारीक झालाय, फोनवर समोरचा दोनदा विचारतो, त्यासाठी रोज पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचतात, फरक पडतोय पण हळूहळू.

फिजिओचाच विषय निघालाय तर हे फार महत्त्वाचं. पार्किन्सन्समध्ये खांदा आखडतो, ह्यांचाही आखडला, तेव्हा ताई बाहेरगावी होत्या म्हणून घराजवळच्या दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या मुलाने बघितलं, म्हणाला शेक देऊ, आणि शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी आतून शेक देणारं, मशीन ओढून आणलं. मी विचारलं हे कुठलं, नाव ऐकलं आणि ह्यांना टेबलावरून उठवलं. डीबीएसवाल्या माणसाला डायथर्मी कुठल्याही परिस्थितीत, शरीराच्या कुठल्याही भागाला, मशीन बंद करून सुद्धा द्यायची नसते, ती ऊर्जा तारेतून मेंदूत जाऊन तिथला भाग भाजतो, जगात ह्यातून माणसं कोमात जाऊन दगावलेली आहेत. त्या मुलाला हे माहीतच नव्हतं, त्याला डीबीएस बसवल्याचं कार्ड दाखवलं तेव्हा तो स्वतः घाबरला. म्हणून कार्ड कायम खिशात हवं आणि फिजिओ, डेंटिस्ट, कुठलंही ऑपरेशन करणारे डॉक्टर, सगळ्यांना स्वतःहून आधी सांगायचं, कारण ऑपरेशनमधल्या कॉटरीला, म्हणजे करंटने कापण्या-भाजण्याच्या यंत्रालाही, वेगळी काळजी लागते. एमआरआय काढायचा तर तुमच्या मॉडेलला चालतो का, किती ताकदीचा चालतो आणि त्याआधी कुठला मोड लावायचा हे विचारूनच. विमानतळावर किंवा देवळात हातातला मेटल डिटेक्टर छातीवर धरू द्यायचा नाही, कार्ड दाखवून हाताने तपासणी मागायची. सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकला जागोजागी गेट लागतील तेव्हा हे लक्षात असू द्या.

पैशांचं. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या २०१९ च्या नियमांत आधुनिक उपचारांची जी यादी दिली होती त्यात डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं नाव स्पष्ट होतं, त्यामुळे मेडिक्लेमवाला "हे कव्हर नाही" असं म्हणाला तर यादी दाखवा. पण बऱ्याच पॉलिसीत ह्या उपचारांना वेगळी मर्यादा असते, ती आधी लेखी विचारून घ्या, आमची रक्कम त्या मर्यादेतच अडकली आणि बाकीचे पैसे एफडी मोडून भरले. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे, त्याचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं कार्ड काढता येतं, बऱ्याच घरांत हे माहीतच नसतं. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी ह्या दोन्हीकडे अनुभवी माणसं बोलायला मिळतात, ऑपरेशन ठरवायच्या आधी ज्यांचं झालंय अशा दोघा-तिघांशी तरी बोला, त्यांच्या बायकांशी किंवा नवऱ्यांशी जास्त.

माझे मार्क. मशीनला साडेचार, अर्धा कापला तो पट्ट्याच्या बीपसाठी. सर्जनला पाच. प्रोग्रॅमिंगच्या मॅडमना पाच, हॉस्पिटलच्या फॉलोअप व्यवस्थेला एक, फिजिओच्या ताईंना पाच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मला कूस बदलता येते रात्री, तुला उठवायला लागत नाही, बाकी तू लिही."

अ‍ॅडव्हान्स भरायच्या आधी समोर बसून हे विचारा: प्रोग्रॅमिंग डॉक्टर करणार की कंपनीचा माणूस, पहिल्या सहा महिन्यांत किती भेटी पॅकेजमध्ये धरल्यात, मध्येच रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, आणि नाशिकमध्ये ह्या कंपनीच्या मशीनचं सेटिंग बदलू शकणारं कोणी आहे का. उत्तरं कागदावर लिहून घ्या, नावासकट. आणि प्रत्येक भेटीनंतर निघताना टॅबलेटच्या शेवटच्या स्क्रीनचा फोटो काढा, दोन्ही बाजूंचा, कुठला कॉन्टॅक्ट, किती मिलिअँपिअर, किती मायक्रोसेकंद, सेकंदाला किती झटके, मॅडम स्वतःच फोन मागून काढून देतात. तो फोटो माझ्या, मुलाच्या आणि इथल्या न्यूरॉलॉजिस्टच्या मोबाइलमध्ये असतो, आणि एक प्रिंट कार्डाच्या मागे प्लॅस्टिकमध्ये.